युनियनचा नेता विरोधी पक्षाचा आहे. मग संपाला मत द्यायचं की नाही?

पत्राचा सारांश (ओळख पटेल असे तपशील वगळून): पुणे जिल्ह्यातल्या औद्योगिक पट्ट्यात वाहनांचे सुटे भाग बनवणाऱ्या कारखान्यात मी कायम कामगार आहे. वय 39. वेतन करार संपून नऊ महिने झाले. युनियनने तीन वर्षांसाठी महिना 14,000 रुपये वाढ मागितली आहे, कंपनी 9,500 वर अडून बसली आहे. पुढच्या आठवड्यात संपासाठी मतदान आहे. मी उजव्या विचारांचा, सध्या सत्तेत असलेल्या पक्षाचा मतदार. संप, बंद, घेराव हे डाव्यांचे उद्योग आणि त्यांनीच मुंबईच्या गिरण्या बुडवल्या, असं मी मानत आलोय. मोबाइलवर ज्यांची विश्लेषणं ऐकतो तेही हेच सांगतात, की संपांमुळे कारखाने दुसऱ्या राज्यात जातात. आमच्या युनियनचा बाहेरून आलेला अध्यक्ष विरोधी पक्षाचा पदाधिकारी आहे. आता आमच्या पक्षाच्या झेंड्याखाली गेटवर दुसरी युनियन निघते आहे आणि तिचे लोक फॉर्म भरण्यासाठी मागे लागलेत. माझा मेव्हणा याच कारखान्यात, सध्याच्या युनियनच्या कमिटीत आहे. मी शंका काढल्या तर त्याने ग्रुपवर लिहिलं, "दाजी मॅनेजमेंटचे झाले." तेव्हापासून घरात अबोला. डोक्यावर गृहकर्ज आहे. संपाविरुद्ध मत देऊ का? युनियन बदलू का?

उत्तर:

मतदान तोंडावर आलंय, म्हणून थेट उत्तर आधी. युनियन आत्ता बदलू नका. संपाविरुद्ध मत द्यायचं असेल तर खुशाल द्या, तो तुमचा हक्क आहे. फक्त ते कराराचे आकडे बघून द्या, अध्यक्षाचा पक्ष बघून नको. संपाच्या बाजूने मत देणाऱ्यालाही हेच सांगेन.

आता तुमच्या पत्रातल्या एका गृहीतकाकडे येऊ, कारण बाकीची गुंतागुंत तिथूनच सुरू होते. संप म्हणजे डाव्यांचं काम, असं तुम्ही धरून चालला आहात. गिरण्यांचंच उदाहरण घ्या. तो संप 18 जानेवारी 1982 रोजी सुरू झाला आणि अडीच लाखांच्या आसपास कामगार त्यात उतरले. नेतृत्व होतं डॉ. दत्ता सामंतांचं, आणि ते कम्युनिस्ट नव्हते. इंटक या काँग्रेसच्या कामगार संघटनेतून ते पुढे आले, 1972 मध्ये काँग्रेसच्याच तिकिटावर आमदार झाले. समोरचं सरकारही काँग्रेसचं. गिरण्यांत कायद्याने एकमेव प्रतिनिधी मानलेला राष्ट्रीय मिल मजदूर संघ इंटकशीच जोडलेला. कामगार पगार-बोनससाठी भांडत होते तसेच 1946 च्या मुंबई औद्योगिक संबंध कायद्यावरही चिडलेले होते, कारण त्यांना नको असलेली संघटना त्या कायद्यामुळे त्यांच्या नावाने सह्या करत होती. लाल बावट्याचा गिरणगावातला जोर तोपर्यंत ओसरला होता. थोडक्यात, हा संप 'डावे विरुद्ध उजवे' या चौकटीत बसत नाही.

गिरण्या बुडायला जुनी यंत्रं, यंत्रमागांकडे सरकलेलं काम आणि जमिनीचे चढते भाव ही कारणं आधीपासून होती. संपाने ते सगळं झपाट्याने घडवलं. पण उजवे टीकाकार या संपाबद्दल जी एक गोष्ट सांगतात ती खरी आहे आणि ती विसरू नये: त्या संपाला परतीची वाट ठेवली नव्हती. तो औपचारिकपणे मागे घेतलाच गेला नाही. कोणत्या आकड्यावर थांबायचं, किती दिवसांनी पुन्हा मत घ्यायचं, हे ठरलेलं नसलं की कामगार तगण्याच्या शर्यतीत उतरतो, आणि त्या शर्यतीत मालकाची शिल्लक नेहमी जास्त असते. तुमच्या मतदानात नेमका हाच प्रश्न विचारायचा आहे. त्याकडे पुढे येतो.

दुसरी बाजूही बघा. देशातल्या सर्वांत मोठ्या कामगार संघटनांपैकी एक असलेला भारतीय मजदूर संघ 23 जुलै 1955 रोजी भोपाळमध्ये दत्तोपंत ठेंगडींनी स्थापन केला. ठेंगडी मूळचे वर्धा जिल्ह्यातल्या आर्वीचे, राष्ट्रीय स्वयंसेवक संघाचे प्रचारक. 1 मेऐवजी विश्वकर्मा जयंतीला कामगार दिन मानणारी ही संघटना. तिची घोषणा अशी आहे: 'देश के हित में करेंगे काम, काम के लेंगे पूरे दाम.' घोषणेचा दुसरा अर्धा भाग मोबाइलवरचे विश्लेषक क्वचितच सांगतात. वाजपेयी सरकारच्या कामगारविषयक धोरणांवर 2001 मध्ये ठेंगडींनी जाहीर टीका केली होती, आपल्याच विचारांचं सरकार असताना. म्हणजे उजव्या विचारांचा माणूस पूर्ण दाम मागू शकतो, त्यासाठी कामही थांबवू शकतो. तुमच्या मतांशी त्यात काही विसंगत नाही.

मात्र पक्षाची सावली कामगार संघटनांवर पडते, हेही खोटं नाही. फेब्रुवारी 2012 आणि फेब्रुवारी 2013 च्या देशव्यापी संपांत भारतीय मजदूर संघ इतर केंद्रीय संघटनांच्या बरोबर होता. केंद्रात तेव्हा यूपीए सरकार होतं. सप्टेंबर 2015 च्या संपातून तो आयत्या वेळी बाहेर पडला. तेव्हा केंद्रात एनडीए सरकार होतं. सरकारने आश्वासनं दिली म्हणून बाहेर पडलो, असं कारण दिलं गेलं. डाव्यांकडेही असंच. 2008 मध्ये पश्चिम बंगालचे मार्क्सवादी मुख्यमंत्री बुद्धदेव भट्टाचार्य यांनी आपण बंदच्या विरोधात असल्याचं जाहीरपणे सांगितलं आणि पक्षाचा रोष ओढवून घेतला. खुर्चीवर बसलं की संप नकोसा वाटतो, विरोधात गेलं की त्यातच न्याय दिसतो.

याची किंमत कोण देतो, ते आपल्या एसटीच्या संपात दिसलं. 2021 च्या दिवाळीच्या सुमारास सुरू झालेलं आंदोलन 2022 च्या एप्रिलपर्यंत चाललं. मुख्य मागणी होती राज्य शासनात विलीनीकरणाची. त्या वेळच्या विरोधी पक्षातले आमदार सुरुवातीला आझाद मैदानात कामगारांबरोबर बसले. नोव्हेंबरअखेर सरकारने पगारवाढ जाहीर केल्यावर ते मैदानातून उठले. कामगार पुढेही महिनोन्महिने बसून राहिले, शेवटी उच्च न्यायालयाने 22 एप्रिलपर्यंत कामावर हजर व्हायला सांगितलं. जूनमध्ये सत्ता पालटली. विलीनीकरण पालटलेल्या सत्तेतही झालं नाही. तेव्हा 'आमच्या पक्षाचा झेंडा लावला की करार लवकर होईल' हे गेटवर कोणी सांगितलं, तर त्याला एवढंच विचारा, सही कोण करणार आहे? करारावर सही कंपनीची आणि मान्यताप्राप्त युनियनची असते. पक्षाची नसते.

आता जी विश्लेषणं तुम्ही ऐकता त्यांच्याबद्दल. ती ऐकू नका असं सांगणार नाही. बाहेरच्या नेत्याला कारखाना बंद पडल्याचा तोटा होत नाही, दोन युनियनच्या चढाओढीत मागण्या फुगतात, ग्राहक एकदा दुसऱ्या पुरवठादाराकडे गेला की परत आणणं अवघड जातं: हे तीन मुद्दे पक्के आहेत आणि तुमच्या गेट मीटिंगमध्ये कोणीतरी ते मांडायला हवेत. फक्त व्हिडिओ संपल्यावर बघा, की कंपनीचा शेवटचा प्रस्ताव काय होता ते त्यात आलं का? बोलणी कोणी थांबवली, ते आलं का? विरोधी पक्षाच्या राज्यात असाच संप झाला तेव्हा हाच माणूस काय म्हणाला होता? पहिल्या दोन गोष्टी नसतील, तर तुम्ही ऐकलं ते पक्षाबद्दलचं मत होतं. तुमच्या कराराबद्दल त्यात काहीच नव्हतं. कारखाने दुसऱ्या राज्यात जाण्यामागे जमीन, विजेचा दर, सवलती, पुरवठादारांची साखळी अशी बरीच कारणं असतात. त्यातलं एकच उचलून सगळं त्याच्या माथी मारणं सोपं जातं, कारण बाकीच्या कारणांची उत्तरं सरकारला द्यावी लागतात.

आकड्यांकडे येऊ. एक वही घ्या आणि मेव्हण्याशी बोलायच्या आधी हे मांडून काढा.

तुमचा पगार पत्रात नाही, म्हणून ग्रॉस, म्हणजे कपातीआधीचा, 32,000 धरतो. तुम्ही तुमचा घाला. 26 दिवसांनी भागलं तर एका दिवसाचे साधारण 1,230 रुपये. संपातला प्रत्येक कामाचा दिवस एवढ्याला पडतो. हजेरी बोनस, उत्पादन बोनस आणि पीएफमधला कंपनीचा वाटा वेगळा.

आता मिळणार काय? 14,000 मागितले म्हणून 14,000 मिळत नाहीत. समजा मध्यावर तुटलं, 11,750 ला. म्हणजे कंपनीच्या प्रस्तावापेक्षा 2,250 जास्त. पण ही वाढ पहिल्या दिवसापासून पूर्ण मिळत नाही, ती टप्प्यांत येते. 60-20-20 धरली, म्हणजे पहिल्या वर्षी 60 टक्के आणि पुढच्या दोन वर्षांत 20-20 टक्के, तर पहिल्या वर्षी महिना 1,350, दुसऱ्या वर्षी 1,800, तिसऱ्या वर्षी 2,250. तीन वर्षांची बेरीज 64,800. त्याला 1,230 ने भागा: 52 दिवस. म्हणजे मध्यावर तुटणारा संप कामाच्या 52 दिवसांपेक्षा लांबला, तर या करारापुरते तुम्ही तोट्यात. तीन आठवड्यांत मिटला, तर स्पष्ट फायद्यात. एक गोष्ट संपाच्या बाजूने जाते: वाढलेला पगार पुढच्या कराराचा पाया होतो, आणि तुमची नोकरी अजून वीसेक वर्षांची आहे. संपाच्या विरुद्ध जाणारी गोष्ट म्हणजे, काहीच न मिळता संप मोडला तर गेलेले दिवस कायमचे गेले. 2013 मध्ये चाकणला बजाज ऑटोच्या कारखान्यातला संप 50 दिवस चालला. त्यात एक रुपया दराने कंपनीचे शेअर द्यावेत अशी मागणी होती. शेवटी तो विनाअट मागे घ्यावा लागला.

या सगळ्यात एक आकडा लपलेला असतो, आणि त्यावर गेट मीटिंगमध्ये कोणी घोषणा देत नाही. तो म्हणजे मागच्या नऊ महिन्यांचा फरक, म्हणजे त्या काळातली थकलेली वाढ. कंपनीचेच 9,500 धरले तरी पहिल्या वर्षाचे 60 टक्के म्हणजे महिना 5,700, नऊ महिन्यांचे 51,300. करार जुना करार संपल्याच्या तारखेपासून लागू झाला तर ही रक्कम हातात पडते. सहीच्या तारखेपासून लागू झाला तर ती उडाली. युनियन 500 रुपये जास्त मिळाल्याचे पेढे वाटते आणि लागू होण्याची तारीख नऊ महिने पुढे सरकलेली असते, असं होऊ शकतं. त्यामुळे कमिटीला पहिला प्रश्न हाच विचारा: करार कोणत्या तारखेपासून? लगेच दुसरा: मुदत 36 महिने की 42? सहा महिने वाढवले की पुढचा करार तेवढाच लांबतो. तिसरा: 9,500 आणि 14,000 हे ग्रॉसचे आकडे आहेत की सीटीसीचे, म्हणजे कंपनीला तुमच्यामागे येणाऱ्या एकूण खर्चाचे? सीटीसी असेल तर त्यात पीएफ, ग्रॅच्युइटी, कधी कधी कॅन्टीन-बसचा खर्चही धरलेला असतो आणि हातात येणारी वाढ बरीच कमी भरते. मूळ वेतनात किती जातात तेही बघा, कारण पीएफ आणि ग्रॅच्युइटी त्यावर चालते. आणि शेवटी उत्पादनाची अट: लाइनचा आउटपुट किती टक्के वाढवून मागितलाय, किती जणांचं काम किती जणांनी करायचं. ही पानं करारात मागे असतात. भांडण मात्र पुढे तिथूनच निघतं.

संपाचं बळ किती, हे घोषणांवरून कळत नाही, ते डिस्पॅचमध्ये कळतं. नोटीस लागली की कंपनी ओव्हरटाइम लावून माल साठवते. किती दिवसांचा साठा तयार आहे? तोच पार्ट कंपनीच्या दुसऱ्या प्लांटमध्ये किंवा दुसऱ्या पुरवठादाराकडे बनतो का? कायम कामगार बाहेर बसले तर कंत्राटी आणि ट्रेनी मुलं लाइन किती चालवू शकतील? ग्राहक कंपनीकडे मोजक्या दिवसांचाच साठा असेल आणि पार्ट फक्त तुमच्याकडे बनत असेल, तर संप लवकर मिटण्याची शक्यता खरी आहे. तिन्ही उत्तरं उलटी असतील, तर तुमची शंका योग्य आहे आणि ती 'मॅनेजमेंटची भाषा' नाही. हा हिशोब कमिटीने मतदानाच्या आधीच मांडायला हवा होता.

कायद्याचं थोडक्यात, कारण इथे चूक झाली की करार बाजूला राहतो आणि चौकश्या सुरू होतात. 21 नोव्हेंबर 2025 पासून केंद्राची औद्योगिक संबंध संहिता लागू आहे. राज्यात मान्यताप्राप्त युनियन आणि अनुचित प्रथांचा (मालकाने किंवा कामगारांनी करू नये अशा वागण्याचा) 1971 चा कायदा लोकांच्या ओळखीचा आहे. संपाची नोटीस दोन्हींकडे 14 दिवसांची. 1971 च्या कायद्यात आणखी एक अट आहे: मान्यताप्राप्त युनियन असेल तर नोटिशीच्या आधी युनियनच्या सभासदांच्या बहुमताने संपाला मंजुरी हवी. सभासदांच्या, हजर असलेल्यांच्या नव्हे. 600 सभासद असतील तर 301 मतं. गेटवर जमलेल्या अडीचशे जणांनी हात वर केले म्हणजे मतदान झालं असं नाही. चिठ्ठीने, गुप्त मतदान मागा. ही मागणी करायला कोणत्याच पक्षाचं असावं लागत नाही, आणि हात वर करताना कोण कोणाकडे बघतं ते तुम्हाला माहीतच आहे.

सहायक कामगार आयुक्तांनी तडजोडीची पहिली बैठक घेतली की तडजोड सुरू झाली असं धरतात. ती चालू असताना आणि संपल्यावर सात दिवस संप करता येत नाही. फलकावर 'सोमवारपासून बेमुदत' लिहिलेलं असलं तरी आधी ही तारीख विचारा. निम्म्या किंवा जास्त कामगारांनी ठरवून एकाच दिवशी रजा टाकली तर नव्या संहितेत तोही संपच, म्हणून 'आपण फक्त सामूहिक रजा घेऊ' ही पळवाट उरलेली नाही. मुद्दाम काम मंदावणं, शिफ्ट संपल्यावर आत बसून राहणं, अधिकाऱ्यांना घेराव हे 1971 च्या कायद्यात कामगारांच्या बाजूच्या अनुचित प्रथांत मोडतं. बेकायदा संपात भाग घेतला तर संहितेत कामगाराला 1,000 ते 10,000 रुपये दंड किंवा एक महिन्यापर्यंत कैद किंवा दोन्ही अशी शिक्षा आहे. दहा किंवा जास्त जण मिळून नोटीस न देता, पुरेशा कारणाविना गैरहजर राहिले तर आठ दिवसांपर्यंतचा पगार कापण्याची तरतूद आहे. आणि संपकाळाचा पगार मागायचा असेल तर संप कायदेशीर आणि समर्थनीय, दोन्ही ठरावा लागतो, असं सर्वोच्च न्यायालयाच्या घटनापीठाने 1994 मध्ये सांगितलं आहे. तुम्ही कायदा-सुव्यवस्था मानणारे आहात ना? मग कमिटीत कायद्याचे प्रश्न विचारायला तुमच्याइतका योग्य माणूस नाही. युनियनच्या वकिलाचं मत लेखी मागा आणि ते मतदानाआधी फलकावर लावायला सांगा.

नव्या युनियनबद्दल. करार अर्धवट असताना दुसरा झेंडा निघाला की बोलणी लांबतात, कारण कंपनीला 'नक्की कोणाशी बोलू?' असं विचारायची सोय होते. 1971 च्या कायद्यात मान्यता मागायला किमान 30 टक्के सभासद, तेही सहा महिने टिकलेले, आणि आधीच्या मान्यताप्राप्त युनियनपेक्षा जास्त असावे लागतात. नव्या संहितेत एकट्याने बोलणी करायला 51 टक्के पाठिंबा लागतो. तेवढा कोणाकडेच नसेल तर 20 टक्क्यांहून कमी नसलेल्या युनियनचं मिळून मंडळ बनतं. म्हणजे आज फॉर्म भरून उद्या करार होत नाही. तोवर मान्यताप्राप्त युनियनने तडजोड अधिकाऱ्यासमोर केलेला करार तुम्हालाही लागू होईल, तुम्ही कुठल्याही झेंड्याखाली असा. उलट त्या करारावर मत देण्याचा हक्क तुम्ही आधीच सोडलेला असेल. आणि एक चौकशी जरूर करा: नव्या युनियनच्या सभेसाठी वेळ, जागा, गेट पास इतक्या सहज कोण देतंय? कंपनीने स्वतःच्या सोयीची युनियन उभी करणं ही मालकाच्या बाजूची अनुचित प्रथा आहे.

अध्यक्षाच्या पक्षाचा तुम्हाला खरोखर त्रास होत असेल तर त्यालाही आत राहून उपाय आहे. संघटित क्षेत्रातल्या युनियनमध्ये बाहेरचे पदाधिकारी एक तृतीयांश किंवा पाच, यातल्या कमी आकड्याहून जास्त असू शकत नाहीत. तुमच्या कमिटीत किती आहेत, मोजा. 1926 च्या ट्रेड युनियन कायद्यापासून चालत आलेले नियम असे आहेत: राजकीय कामासाठीचा निधी वेगळा ठेवायचा, त्यात वर्गणी देणं ऐच्छिक, आणि दिली नाही म्हणून सभासदाचे हक्क कमी करायचे नाहीत. हिशोबाच्या वह्या बघण्याचा हक्क सभासदाला आहे. बस भरून सभेला माणसं नेली तर डिझेलचे पैसे कोणत्या खात्यातून गेले, हे विचारायला युनियन सोडावी लागत नाही. सभासदाला पावती दाखवून हे विचारता येतं. बाहेरच्याला नाही.

मतदानाच्या सभेत तुम्ही मांडायचा ठराव असा असू शकतो: संपाला मंजुरी द्यायची तर सोबत तीन गोष्टी लिहून घ्या. किमान कोणत्या आकड्यावर आणि कोणत्या तारखेपासूनच्या फरकावर संप मिटवायचा. दर 15 दिवसांनी पुन्हा गुप्त मतदान. आणि कंपनीने दिलेला प्रत्येक लेखी प्रस्ताव 24 तासांत फलकावर. हे तीनही मान्य झालं आणि वहीतला हिशोब जमला, तर संपाला मत द्यायला तुमच्या राजकीय मतांची आडकाठी यायचं कारण नाही. मान्य होत नसेल, तर विरोधात मत द्या आणि कारण तिथेच सांगा. एक मात्र पाळा. तुमच्या विरोधात बहुमत झालं आणि संप कायदेशीर असला, तर एकट्याने आत जाऊन लाइन चालवण्याआधी दहादा विचार करा. कायदा तुम्हाला अडवणार नाही, तुम्हाला अडवायला कोणी जबरदस्ती केली तर ती अनुचित ठरेल. पण संप आज ना उद्या मिटेल आणि त्याच शिफ्टमध्ये त्याच माणसांबरोबर तुम्हाला अजून वीस वर्षं काढायची आहेत.

मेव्हण्याचं. त्याने लिहिलं ते चुकलं, आणि चारचौघांत चुकलं. पण ग्रुपवर उत्तर देऊ नका. कमिटीतल्या माणसावर मतदानाच्या आठवड्यात दोन्हीकडून दाब असतो. घरातलाच माणूस शंका काढतोय म्हटल्यावर बाहेरचे त्याला काय ऐकवत असतील, याचा अंदाज करा. त्याला एकट्याला भेटा, घरी नको, कारण तिथे तुमच्या पत्नीला पंच व्हावं लागतं. वही पुढे ठेवा आणि म्हणा, "पक्षाचं सोड, हा 51,300 चा फरक तुमच्या मसुद्यात आहे का, तेवढं सांग." तो कमिटीत आहे म्हणजे त्याच्याकडे मसुदा आहे. आकड्यांवर बोलणं सुरू झालं की 'मॅनेजमेंटचे झाले' हे वाक्य त्यालाच अवघड वाटायला लागेल. नाहीच वाटलं, तर निदान मसुदा बघायला मिळेल.

आणि हप्त्याचं आजच बघा, निकाल काहीही लागो. तीन महिन्यांचे हप्ते बाजूला पडत नसतील तर बँकेशी हप्ता चुकण्याआधी बोला; चुकल्यावर बोललं तर क्रेडिट स्कोअर पडलेला असतो आणि बँकेचा सूरही बदललेला असतो. कारखान्याच्या पतपेढीचं कर्ज असेल तर त्याचा हप्ता पगारातून कापला जातो. पगार थांबला की तो आपोआप थकतो आणि नोटीस जामीनदाराला जाते. तुमचे जामीनदार कोण आहेत आणि तुम्ही कोणाकोणाला जामीन आहात, दोन्ही नावं तपासा. संप कायदेशीर असेल आणि मिटल्यावर आत घेण्याआधी कंपनीने एकेकट्याला चांगल्या वर्तणुकीचं हमीपत्र पुढे केलं, तर गेटवर उभ्या उभ्या सही करू नका. तशी सक्ती करणं अनुचित प्रथांच्या यादीत आहे. प्रत मागा, तारीख-वेळ लिहून ठेवा आणि ती प्रत युनियनच्या वकिलाकडे त्याच दिवशी पोचवा.